पाहुणभिंत

सोमवार, १४ एप्रिल २०२५
करवंदवाडी, राजूरपासून अकरा किलोमीटर

प्रिय ताई,

सहा महिने तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागते. वेळ नव्हता असं सांगणार होते, पण रोजची वही मी एक दिवसही चुकवलेली नाही, तेव्हा ही सबब माझ्याच अंगाशी येईल. खरं कारण असं की मला तुझा राग आला होता आणि तो धरून ठेवायचा मला हक्क आहे असं वाटत होतं. आता राग दुसरीकडे वळलाय आणि तो ऐकून घेईल असं तुझ्याशिवाय कोणी सुचत नाही.

आधी गाडीचं सांगते, कारण तू तिच्याबद्दल विचारशील, माझ्याबद्दल नाही. गाडी चांगली आहे. आधी भाड्याचा ड्रायव्हर असे, मग तू; आता मीच चालवावी म्हणून नोव्हेंबरात नगरला ड्रायव्हिंगचा क्लास लावला. शिकवणाऱ्याने आपली टेम्पो ट्रॅव्हलर पाहून विचारलं, "मॅडम, सहली काढणार का?" मी म्हटलं, यातच राहते. आत दोन बर्थ आहेत, शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे. त्यानंतर तो माझ्याशी फार हळू आवाजात बोलायला लागला. घाटात अजून दोनदा तरी बंद पडते, पण चढते. तुझ्या बर्थवर सध्या सिमेंटच्या चौदा गोण्या आहेत. या वाडीत कोरडी आणि कुलूप लागणारी जागा दुसरी नाही.

पडलेली घरं बांधून देणाऱ्या आपल्या संस्थेने इथे रतनबाईंचं घर बांधायला काढलंय. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. पन्नाशीच्या असतील, नवरा गेला, भाताची चार खाचरं आहेत, एकच मुलगी आहे, रेश्मा, ती लग्न होऊन घोडेगावला असते. गेल्या श्रावणात घराची मागची भिंत बसली आणि तिच्यामागून बाकीचं घर. तेव्हापासून त्या दिराच्या पडवीत राहतात. भीमाभाऊ गवंडी इथेही आहेत, तेच पारनेरच्या कामावरचे. तीन आठवड्यांत त्यांनी जोतं आणि तीन भिंती उभ्या केल्या. एकदम नेटक्या. चौथी, मागची, जोत्यावरच थांबली आहे. विटा पडून आहेत, वाळू पडून आहे, सिमेंट माझ्या उशाशी आहे, आणि भीमाभाऊ नऊ दिवस झाले पारावर बसून तंबाखू मळतायत.

मी विचारलं, "भीमाभाऊ, ही भिंत का थांबलीय?"

"ती पाहुन्यांची हाय."

"कुठल्या पाहुण्यांची?"

"पुन्याचे येनार हायेत न्हवं शनिवारी. त्येंच्यासाठी ठिवलीया. हापिसातनं सांगितलंय, हात लावायचा न्हाई."

म्हणजे असं, ताई: एक बाई आठ महिने दुसऱ्याच्या पडवीत निजते आहे, आणि तिच्या घराची चौथी भिंत पुण्यातल्या कंपनीच्या लोकांना शनिवारी हात मळवायला मिळावेत म्हणून राखून ठेवली आहे. पंगतीत उशिरा येणाऱ्यासाठी पान राखावं तशी. मी हे वहीत लिहिलं, खाली रेघ मारली, आणि तरी बरं वाटलं नाही.

कदाचित मी उगाच तापते आहे. पाचच दिवसांचा तर प्रश्न आहे. शनिवारी लोक येतील, भिंत होईल.

तुझी,
रुचा


शनिवार, १९ एप्रिल

प्रिय ताई,

लोक आले नाहीत.

रतनबाईंनी पहाटेपासून चौदा माणसांचा स्वयंपाक केला होता. पिठलं, नाचणीच्या भाकऱ्या, ठेचा, आणि पुण्याच्या लोकांना तिखट सोसणार नाही म्हणून वेगळा गोड भात. भांडी चार घरांतून आणली. साडेदहाला राजसचा फोन आला. संस्थेच्या पुण्याच्या कार्यालयात तो स्वयंसेवकांचं पाहतो, तू गेल्यानंतर आलेला, बोलायला गोड आहे. म्हणाला, "मॅडम, छोटासा बदल आहे. त्यांच्या मॅनेजरच्या मुलाची मुंज निघाली आज. तीन मेला नक्की."

"राजस, इथे जेवण तयार आहे."

"अरे वा. मग तुम्ही एंजॉय करा, मॅडम."

जेवण वाडीने संपवलं. पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. दुपारी रेश्माची सासू आली. जावई, म्हणजे समर्थ, साखर कारखान्यात आहे, त्याने जीप करून आईला आणलं होतं. रेश्माला सातवा महिना सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे ठरलेलंच आहे, पण धाडण्याआधी घर बघून जाते म्हणून विहीणबाई आल्या होत्या. तीन भिंतींच्या आत उभ्या राहिल्या, चौथ्या बाजूने दिसणाऱ्या डोंगराकडे बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "हवा लई हाय म्हनायची तुमच्याकडं."

रतनबाई हसल्या. दुसरं काय करणार. म्हणाल्या, "ईनबाई, हुईल चार दिसांत. पाहुने यायचेत भित लावायला."

"पाहुने भित लावत्यात? तुमच्याकडं पाहुने जेवायला येत न्हाईत व्हय?"

"पुन्याचे हायेत. शिकल्याली मान्सं."

"आसतील की. पर हितनं कुत्रं शिरंल, जनावर शिरंल, आन वारं तर सरळ बाजंवर. मी पोर कशी धाडू? आखितीला सातवा सरतोय तिचा. आठव्यात पोटुशी बाई हलवायची न्हाई, आमच्यात न्हाई आन तुमच्यातबी न्हाई. आखितीच्या आत चार भिती आन वर पत्रा दाखवा. न्हाईतर बाळंतपन आमच्याकडं."

जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या कोन?"

"घर बांधाया आल्यात," रतनबाई म्हणाल्या.

"मग बांधा की," विहीणबाई म्हणाल्या आणि जीपमध्ये बसल्या.

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया, ती तीस तारखेला आहे. पाहुणे तीन मेला. हे मी रतनबाईंना सांगायच्या आधीच त्यांनी बोटांवर मोजून झालं होतं. जीप गेल्यावर त्या जोत्यावर टेकल्या. तक्रार केली नाही. एवढंच म्हणाल्या, "बाई, लगीन झाल्यापास्नं पोर दोनदा आलीय माझ्याकडं. तिकडं आसली तर बाराव्या दिशी धुन्याला बसंल. मोठ्या सुनंला बसवली हुती."

मग थोड्या वेळाने: "तुमचे पाहुने आदी न्हाई का येनार?"

'तुमचे' म्हणाल्या, ताई. मी गाडीत येऊन दार लावून घेतलं. चार भिंती, छप्पर, खिडकीला पडदा. मला माझ्याच गाडीची लाज वाटली. मग वाटलं, लाज वाटून घेणं हीसुद्धा एक सोय आहे, तिने वीट हलत नाही.

रुचा


सोमवार, २१ एप्रिल

ताई,

आज राजसला फोन केला. काय बोलायचं ते आधी वहीत लिहून काढलं होतं, म्हणजे आवाज चढणार नाही. चढलाच. त्याला विचारलं, एका बाईचं घर थांबवून भिंत राखून ठेवायची ही कल्पना कोणाची? कोणत्या माणसाच्या डोक्यात हे येतं? त्याने आयुष्यात कधी पडवीत दिवस काढलेत का? चांगली पाच-सात मिनिटं बोलले.  मग तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ही तुमचीच सूचना आहे ना?"

"माझी?"

"बारा जानेवारीचा तुमचा अहवाल. वाचून दाखवू? 'श्रीगोंद्याच्या कामावर स्वयंसेवक पोचले तेव्हा सर्व भिंती पूर्ण झाल्या होत्या. त्यांनी दिवसभर भेंड्या खेळून वेळ काढला व ते हिरमुसले होऊन परतले. यापुढे प्रत्येक कामावर किमान एक भिंत स्वयंसेवकांसाठी राखून ठेवावी.' सरांना फार आवडली मॅडम, सगळीकडे लागू केली."

फोन ठेवून मी वही काढली. बारा जानेवारी. शब्द न् शब्द माझे आहेत. खाली हेही लिहिलंय की हा अहवाल लिहिताना काहीतरी उपयोगाचं केल्याचं समाधान मिळालं.

मला तेव्हा त्या हिरमुसलेल्या लोकांची काळजी वाटली होती. घर कोणाचं होतं ते वहीत नाही. पानं उलटून पाहिली. श्रीगोंद्याच्या त्या माणसाचं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही.

एवढ्यावर आजचं भागलं असतं तर ठीक होतं. पण मी भीमाभाऊंकडे गेले. म्हटलं, पाहुण्यांची वाट बघायला नको, मी लावते भिंत. दोन वर्षं शिकले आहे, सहा भिंतींना माझा हात लागलाय. तुम्ही फक्त दोरी बांधून द्या.

भीमाभाऊ तंबाखू थुंकून आले. म्हणाले, "बाई, रागावनार न्हाई ना?"

"नाही."

"तुमची भित मंजी पुन्ना दोन दिस. एक उतरवायला, एक लावायला."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. स्वयंसेवक रविवारी निघून जातात. सोमवारी गवंडी त्यांची भिंत उतरवतात आणि नव्याने लावतात. विटा न भिजवता लावलेल्या असतात, सांध्यावर सांधा आलेला असतो, सिमेंटचा माल कुठे बोटभर, कुठे चार बोटं. असं छप्पर कोणाच्या डोक्यावर ठेवायचं? सगळ्या गवंड्यांना ठाऊक आहे. त्यांच्यात त्या भिंतीला नावसुद्धा आहे: पाहुणभिंत.

"माझीसुद्धा?" मी विचारलं.

"तुमची जरा बरी आसती. लवकर उतरती."

मी पारनेर सोडून बाकी कामांची नावं घेतली. प्रत्येक नावाला ते मान हलवत गेले. शेवटी त्यांनाच वाईट वाटलं असावं. म्हणाले, "येक ऱ्हायलीया बगा. राहुरीची."

"राहुरीला कुठली? दर्शनी?"

"न्हाई. संडासाची."

दोन वर्षं, ताई. प्रत्येक कामानंतर मी गाडीत बसून हाताला तेल लावत असे आणि वहीत लिहीत असे की आज एका कुटुंबाच्या घराला माझा हात लागला. गाडी निघाली की मी आरशात बघत राहायचे, भिंत दिसेनाशी होईपर्यंत. आणि सोमवारी तिथे कोणीतरी माझा हात विटेवरून खरवडून काढत होतं. हे मला कोणी का सांगितलं नाही? संस्थेने नाही, गवंड्यांनी नाही, घरवाल्यांनी नाही. मला किती संताप आलाय हे तुला अक्षरावरून दिसतच असेल.

"पारनेरची पण उतरवली?" मी शेवटी विचारलं. ऑक्टोबरातली. आपली.

"ती तर ताईंनीच उतरवली की. तुमी गेल्यावर त्या दोन दिस ऱ्हायल्या हुत्या. येक येक ईट पुसून ठिवली त्येंनी. तुमास्नी म्हाईत न्हाई?"

मला वाटत होतं तू त्याच दिवशी एसटीने केडगावला गेलीस.

रुचा


गुरुवार, २४ एप्रिल

ताई,

आधीच्या तीन पत्रांत मी एक गोष्ट टाळली आहे. मला तुझा राग आला होता ते लिहिलं, पण मी तुला काय बोलले ते लिहिलं नाही. वहीतही नाही. त्या दिवसाच्या पानावर मी 'कडाक्याचं भांडण, ताई गेली' एवढंच लिहिलंय, जशी काही तू पाऊस होतीस.

पारनेरला तू बारा स्वयंसेवकांसमोर माझ्या भिंतीला ओळंबा लावलास आणि म्हणालीस, "ही सरळ नाही. काढावी लागेल." आवाज न चढवता, बांधकाम खात्यात बावीस वर्षं बोललीस तसं. मी म्हटलं, आपण इथे परीक्षा द्यायला आलो नाही, भावनेने आलो आहोत. तू म्हणालीस, भावना यांच्या डोक्यावर पडेल. त्यावर मी म्हणाले, तुला दुसऱ्याच्या घरात खोट काढायचीच सवय आहे, म्हणून तुझं स्वतःचं टिकलं नाही.

सगळ्यांनी ऐकलं. तू थापी धुतलीस, जागेवर ठेवलीस आणि गाडीतून तुझी पिशवी काढून घेतलीस. तुझ्या घटस्फोटाला तेव्हा एक वर्षही झालं नव्हतं. तुला या गाडीत मीच बोलावलं होतं, बदल होईल म्हणून.

सोमवारी मी लिहिलं की मला कोणी का सांगितलं नाही. तू सांगितलं होतंस. सांगणाऱ्याचं मी काय केलं ते हे असं. क्षमा मागते. ती मिळावी म्हणून नाही. मागायची राहिली होती म्हणून.

आता इकडचं. सोमवारी रात्री संस्थेला ई-मेल लिहिला: भिंत गवंड्याकडून लगेच पूर्ण करण्याची परवानगी मिळावी, कारण अमुक, तारीख तमुक. पुन्हा वाचला. 'विनंती' हा शब्द दोनदा आला होता, एक काढला. मंगळवारी उत्तर नाही. बुधवारी राजसचं आलं: मुद्दा नोंदवून घेतला आहे, सोमवारच्या बैठकीत मांडू. सोमवार म्हणजे अठ्ठावीस. मी तरी बुधवार संध्याकाळपर्यंत स्वतःशी वाद घालत होते. सिमेंट संस्थेचं आहे. भीमाभाऊ संस्थेचे आहेत. मी कोण? एकदा स्वतःच्या मनाने सूचना केली तेव्हा काय झालं ते बघितलंच. आता पुन्हा स्वतःच्या मनाने करू?

आज सकाळी रतनबाई पाणी घेऊन आल्या तेव्हा मी गाडीच्या पायरीवर हाच विचार करत बसले होते. त्यांनी हंडा ठेवला, आत गोण्यांकडे पाहिलं. म्हणाल्या, "बाई, तुमी सिमिट राखत बसलाय व्हय?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या.

मी किल्ली घेऊन भीमाभाऊंकडे गेले. म्हटलं, गोण्या उतरवा आणि भिंत लावा. संस्थेने विचारलं तर माझं नाव सांगा.

"तुमी लावनार की मी?"

"तुम्ही."

"मग तुमी काय करनार?"

"पाणी आणते. विटा भिजवते."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "ह्ये जमंल तुमास्नी," म्हणाले.

दुपारपर्यंत सात थर झाले. मी एकाही विटेवर माल ठेवला नाही. हे पत्र लगेच राजूरला जाऊन स्पीड पोस्टाने टाकते, पाणी आणायच्या दोन खेपांच्या मधे.

रुचा


रविवार, २७ एप्रिल

ताई,

तू मला उत्तर दिलं नाहीस. गवंड्याला दिलंस.

काल सकाळी मी नव्या भिंतीवरची गोणपाटं ओली करत होते. भीमाभाऊ पत्रे उतरवून घ्यायच्या तयारीत होते; भिंत शुक्रवारी पुरी झाली, वर लगेच पाइप टाकून पत्रे चढवू, म्हणजे आखितीआधी तीन दिवस हातात राहतात असा बेत होता. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते उठून उभे राहिले. अर्धा तास "व्हय ताई", "न्हाई ताई", "बराबर हाय ताई". फोन ठेवून म्हणाले, "पत्रे थांबवा. ताई म्हन्त्यात, चारी भितींवर फिरून काँक्रीटची पट्टी टाकल्याबिगर छप्पर चढवायचं न्हाई. मागच्या भितीला बाकीच्यांशी धरून ठिवाया काय हाय? ती मागनं लावलीया."

मी म्हटलं, तीन दिवस जातील.

"ते बी म्हन्ल्या. तीन दिस जातील, जाऊ द्या म्हन्ल्या. तुमास्नी सांगायला सांगितलंय, जुन्या घराची कुठली भित बसली हुती ते ईचारा."

मागचीच. मला ठाऊक होतं आणि मी ते विसरले होते, कारण माझं सगळं लक्ष तारखेवर होतं.

खरं सांगू? पहिल्यांदा मी पुन्हा संतापले. सहा महिन्यांनी तुझा पहिला शब्द, आणि तोही 'सरळ नाही, काढा' याच जातीचा. हातातलं गोणपाट टाकून गाडीपर्यंत गेलेसुद्धा. मग परत आले, कारण गोणपाट वाळत होतं. पट्टी काल दुपारी पडली. मंगळवारी पत्रे. आखितीला एक दिवस उरतो.

आज दुसरी गंमत झाली.  भिंत झाल्याचं राजसला कुठून तरी कळलं. फोनवर नेहमीचाच गोड. "मॅडम, समजू शकतो तुमच्या भावना. पण तीन तारखेला बावीस लोक येतायत, आता आकडा वाढलाय. त्यांना द्यायचं काय? एक सुचवू? वरचे दोन-तीन थर काढून ठेवता येतील का? पुन्हा लावायला ते येतातच आहेत."

मी म्हटलं, वर पट्टी पडली आहे.

"मग खालचे?"

ताई, तो विनोद करत नव्हता. त्याला भिंत खालून वर जाते हे बहुधा ठाऊक आहे, पण ती कशावर तरी उभी असते हे कोणी सांगितलेलं नाही. मी त्याला जे बोलले ते वहीत लिहिलं आहे, इथे लिहीत नाही. स्वयंसेवकांच्या यादीतून माझं नाव कमी करावं लागेल असं तो म्हणाला. मी म्हटलं, ते आजच कर, बैठकीची वाट बघू नकोस.

रतनबाई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "काय म्हन्त्यात? पाहुन्यांना भित पायजे?"

"त्यांना काही देऊ नका, रतनबाई. तुम्ही त्यांचं काही देणं लागत नाही."

"आसं कसं? इटा त्येंच्याच हायेत की. येऊ द्या त्येंना. गोठ्याला आडोसा न्हाई, त्यो लावू द्या."

भीमाभाऊ म्हणाले, "वाकडा लावत्याल."

"लावू द्या की. गाय काय दोरी लावून बघती व्हय?"

भीमाभाऊ हसता हसता खाली बसले. मीही हसले, आणि मग लक्षात आलं, सहा कामांवर सहा घरांतल्या बाया माझ्याकडे बघून असंच काहीतरी बोलल्या असणार, आणि मी त्यांचा पाहुणचार समजून भाकरी खाल्ली.

रुचा


बुधवार, ३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

ताई,

काल संध्याकाळी पाचला शेवटचा पत्रा बसला. आज अकराला समर्थची जीप आली. रेश्मा पुढच्या सीटवर, विहीणबाई मागे. रेश्मा उतरून आईकडे गेली नाही. आधी घराला एक फेरी मारून आली, पोटाला हात लावून, हळूहळू, आणि मागच्या बाजूला गेली तेव्हा बराच वेळ पुढे आलीच नाही. रतनबाई भाकरतुकडा हातात घेऊन दाराशीच उभ्या.

विहीणबाई आत शिरल्या. कोपऱ्यात उभ्या राहून वर पाहिलं. मग थेट मागच्या भिंतीकडे गेल्या आणि तिच्यावर दोनदा तळहात आपटला, बैल घेताना पुठ्ठ्यावर थाप मारतात तसा.

"वली हाय."

"पानी मारतोय. आजून चार दिस मारायचं," भीमाभाऊ म्हणाले.

"ही पाहुन्यांनी लावली?"

मी दाराच्या चौकटीत होते. भीमाभाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"न्हाई. मी लावली."

"मग ऱ्हाऊ द्या पोरीला," विहीणबाई म्हणाल्या आणि पाणी मागितलं.

एवढंच झालं. मला वाटलं होतं मला काहीतरी मोठं वाटेल. तसं काही झालं नाही. मी विहीणबाईंना पाणी दिलं, मग मागे जाऊन भिंतीला दिलं. रेश्मा तिथेच बसली होती, भिंतीला पाठ टेकून, सावलीत, कपडे ओले होतायत याची पर्वा न करता. मला म्हणाली, "गार लागतंय. बसा की."

मी बसले.  मग तिने विचारलं, तुमी किती दिस हाय हितं? मी सांगितलं, माहीत नाही, संस्थेने नाव काढलंय. ती म्हणाली, मग तर काय, सवडच हाय तुमास्नी. माझं एक काम करशीला?

तेवढ्यात भीमाभाऊंचा फोन वाजला. ते पुन्हा उठून उभे राहिले, त्यावरून कोणाचा ते कळलं. "व्हय ताई. आली पोर. व्हय, पट्टी धरली झ्याक. न्हाई, भेग न्हाई." मग त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं, आणि फोन माझ्यापुढे धरला. मी तो घेतला.  तुझ्याकडे कुकरची शिट्टी झाली. मग तू म्हणालीस, "दिवसातून तीनदा पाणी मार. दोनदा नाही." मी हो म्हटलं. तू फोन ठेवलास.

मला अजून राग आहे. राजसचा आहे, संस्थेतल्या त्या सरांचा आहे, बारा जानेवारीला समाधानाने झोपलेल्या बाईचा सगळ्यात जास्त आहे. तो लवकर जाईल असं दिसत नाही, आणि जावा असंही वाटत नाही. तुझ्यावरचा होता तो शोधला, सापडला नाही.

तुझा बर्थ रिकामा झालाय. झाडून घेतला. सिमेंटची पूड फटींतून निघत नाही.

रुचा

उद्या: सकाळी रेश्माला राजूरच्या दवाखान्यात नेऊन तिचं नाव नोंदवायचं.